फी न घेतलेली तपासणी

मी नर्स आहे असं सांगितलं की आपली माणसं अजूनही क्षणभर थांबतात आणि मग म्हणतात, "अरे वा, छान." त्या थांबण्यात काय असतं ते मला चांगलं कळतं. नागपूरला नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा माझ्या मावशीने तर सरळच विचारलं होतं, "का गं, मार्क कमी पडले का?" मार्क कमी पडले नव्हते. मला नर्सच व्हायचं होतं, पण हे कुणाला पटवून देण्याचा नाद मी फार लवकर सोडला. त्यामुळे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, एका फार्मसीच्या आतल्या खोलीवर मी माझ्या नावाची पाटी लावली, तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि खोलीची खिडकी दिसते का ते बघत उभी राहिले. दिसत नव्हती. तरी मी उभी होते.

इथे नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आधी वॉर्डात वर्षानुवर्षं राबायचं, मग नोकरी सांभाळून युनिव्हर्सिटीत शिकायचं, परीक्षा द्यायच्या, आणि शेवटी तुम्हाला पेशंट स्वतः तपासायचे, निदान करायचे आणि औषध लिहून द्यायचे अधिकार मिळतात. जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, मी हे काम बरीच वर्षं केलं. तिथे माझ्या हातून काही चुकलं तर जबाबदारी सर्जरीची. स्वतंत्र झालं की ती तुमची एकटीची, आणि त्यासाठी स्वतःचा विमा काढावा लागतो. तो नसेल तर पेशंटच्या मनगटाला हात लावायचीही सोय नाही, नोंदणीवरच गदा येते. माझं क्लिनिक उभं होतं ते त्या एका कागदावर.

आणि तो कागद महाग. पहिल्या वर्षी ब्रोकर बाईंनी फोनवर आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं, त्यांनी चुकून सर्जनचा सांगितला. त्यांनी फार सौजन्याने समजावलं की मी निदान करते, औषधं लिहिते आणि माझ्यावर कुणी डॉक्टर नाही, म्हणून जोखीम जास्त. म्हणजे ज्या गोष्टी शिकायला मी तरुणपण घालवलं, नेमक्या त्याच गोष्टींचा हा दंड. दुसऱ्या वर्षी एकही तक्रार नसताना हप्ता वाढला. तिसऱ्या वर्षी आणखी वाढला. "मार्केट हार्ड झालंय," असं त्या म्हणाल्या, म्हणजे विमा कंपन्या जोखीम घ्यायला कचरतात. मार्केट हार्ड होतं, आणि मी इकडे कानातला मळ काढून, लघवीच्या इन्फेक्शनची औषधं लिहून, घामाघूम होणाऱ्या बायकांना मेनोपॉज समजावून सांगून ते मऊ करत बसले होते.

पण ती तीन वर्षं माझी होती. सकाळी आठ वाजता जीपीच्या फोनच्या रांगेत तिसावा नंबर लागलेली माणसं माझ्याकडे यायची. तोडकंमोडकं इंग्रजी बोलणाऱ्या गुजराती आज्या मांडीवर पर्स घट्ट धरून बसायच्या आणि मी हिंदीत सुरुवात केली की पर्स हळूच खाली ठेवायच्या. प्रत्येकीला मी वीस मिनिटं द्यायचे. मला कुणी सांगणारं नव्हतं की दहाच द्या.

आता काकूंबद्दल. काकू आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात जुन्या. त्यांचे यजमान फार पूर्वी डॉक्टर म्हणून इथल्या हॉस्पिटलात आले आणि इथेच निवृत्त होऊन इथेच गेले. काकू डॉक्टर नव्हत्या, पण चाळीस वर्षं डॉक्टरची बायको असण्याचा एक रुबाब असतो, तो त्यांच्याकडे पुरेपूर होता. मी लेस्टरला नवीन होते, घर मिळत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला पाच आठवडे आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. मी नर्स आहे म्हटल्यावर क्षणभरही न थांबता "अरे वा" म्हणणारी या शहरातली पहिली मराठी बाई तीच. माझ्या क्लिनिकचं उद्घाटन मी त्यांच्याच हातून केलं.

काकूंचा एक नियम होता. डॉक्टरांच्या घरच्या माणसांकडून डॉक्टर फी घेत नाहीत. हा त्यांच्या यजमानांच्या पिढीचा रिवाज, भारतातून इथे आलेला, आणि त्या तो अगदी सहज पाळायच्या. म्हणजे त्या आपल्या मनाने यायच्या, पर्स उघडायच्या नाहीत, आणि मी ती उघडू दिली नसती. उलट मला अभिमान वाटायचा. डॉक्टरांमधला रिवाज त्या माझ्याशी पाळत होत्या, यात माझ्या मावशीला परस्पर उत्तर मिळत होतं.

त्या तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी त्या अशाच आल्या. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, दारावर टकटक करून. "दोन मिनिटं गं, पाय बघ जरा." पुण्याहून परवाच परतल्या होत्या. टेबलावर त्यांनी माझ्यासाठी आणलेली पिशवी ठेवली, त्यात बाकरवडी, मेतकूट आणि तिथल्या नातलगांकडच्या हळदी-कुंकवाचं वाण म्हणून एक स्टीलची वाटी. डावी पोटरी दुखत होती. मी दाबून पाहिली, थोडी सुजलेली वाटली, लाली नव्हती. "पुण्यात फार हिंडलात का?" मी विचारलं. "हिंडायलाच तर जातो," त्या म्हणाल्या. स्नायू आखडलाय, पाय वर ठेवून बसा, पॅरासिटामॉल घ्या, वाढलं तर फोन करा, असं मी सांगितलं. मग बाकरवडीचा पुडा फोडून दोघींनी एकेक खाल्ली आणि त्या गेल्या.

पायाची सूज घेऊन आलेल्या कुठल्याही माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, लांबचा प्रवास केलात का. परकी बाई असती तर मी तो विचारला असता, टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या असत्या आणि त्याच दुपारी तिला हॉस्पिटलात पाठवलं असतं. काकूंना विचारलं नाही, कारण प्रवास मला माहीतच होता. त्याचा पुरावा मी चावून खात होते. माहीत असणं आणि विचारणं यांत किती अंतर आहे, ते मला पन्नाशीत कळलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. आमचं बुकिंगचं सॉफ्टवेअर असं होतं की फी भरली की पेशंटची फाइल आपोआप उघडायची. फी नव्हती, म्हणून फाइल उघडली नाही. मी एक अक्षर कुठे लिहून ठेवलं नाही.

नवव्या दिवशी काकू बाथरूममध्ये पडल्या. लांबच्या विमानप्रवासात पोटरीत झालेली गुठळी फुप्फुसात गेली होती. त्या वाचल्या, पण पूर्वीच्या काकू परत आल्या नाहीत. जिना चढवेना, म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आला. चार वाक्यं बोलल्या की धाप लागायची. सकाळ-संध्याकाळ केअरर, म्हणजे पैसे देऊन ठेवलेली मदतनीस बाई, यायला लागली.

मी हॉस्पिटलात गेले ते रडतच. त्यांच्या पायांना हात लावला आणि सगळं सांगितलं, मी विचारायला हवं होतं, माझं चुकलं. काकूंनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. नऊ दिवस दुखत होतं, मी तरी कुठे फोन केला?" त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो इथेच जन्मलेला, लंडनजवळ स्लाऊला एका फायनान्स कंपनीत असतो, शनिवार-रविवार आईकडे येतो. तोही म्हणाला, "ताई, please, तुम्ही family आहात. असा विचार पण नका करू." मग पुढचे दोन महिने मी रोज डबा दिला. मऊ भात, मुगाचं वरण, कधी शिरा. आपल्याकडे अशी गोष्ट अशीच मिटते. समोर जायचं, कबूल करायचं, रडायचं, डबे द्यायचे. मला वाटलं, मिटली.

माझ्या विम्याच्या कागदात एक कलम होतं. ज्या घटनेतून पुढे दावा होऊ शकेल अशी कुठलीही घटना लगेच कळवावी. मला ते माहीत होतं. पण काकूंच्या बाबतीत ते कळवायचं म्हणजे काय करायचं? काकू माझ्यावर दावा करतील असं मी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं? ज्या बाईने मला घरात ठेवून घेतलं, डोक्यावर हात ठेवला, तिच्यावर असा संशय घेऊन फॉर्म भरायचा? मला ते इतकं कोतं वाटलं की मी तो विचारच झटकून टाकला. कुठल्याही इंग्रज नर्सने त्याच संध्याकाळी फोन केला असता आणि मग काकूंना फुलं पाठवली असती. तिच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नसत्या. माझ्या दृष्टीने आल्या.

ऑक्टोबरात नूतनीकरणाचा फॉर्म आला. सातवा प्रश्न तोच, दावा होऊ शकेल अशी एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का. हो किंवा नाही.

"नाही लिही," नवरा म्हणाला. तो आयटीत आहे, त्याला दोनच पर्याय असलेले प्रश्न आवडतात. "कोण complain करणार आहे? काकू?"

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? तुला माहीत आहे का की claim होईल? नाही ना?"

"त्यांनी 'होईल का' विचारलेलं नाही. 'होऊ शकेल का' विचारलंय."

"मग लिही हो, आणि बस."

मी हो लिहिलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे, कारण नंतरच्या सगळ्याचा आहे. कंपनीने त्या तपासणीची नोंद मागितली. नोंद नव्हती. घटना कधीची, तर जानेवारीची, आणि कळवली ऑक्टोबरात. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उशिरा कळवल्यामुळे त्या घटनेला संरक्षण देता येणार नाही आणि पॉलिसीचं नूतनीकरणही करता येणार नाही. ब्रोकर बाईंनी आणखी चार ठिकाणी विचारलं. तिघांनी नकार दिला. चौथ्याने जो हप्ता सांगितला तो माझ्या खोलीच्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त होता, आणि तोही पक्का नव्हता. त्या चौथ्या कंपनीने एक प्रश्न विचारला होता, पेशंटने किंवा कुटुंबाने तक्रारीचा काही इरादा दाखवला आहे का?

आता मी जे केलं त्यात मला कुणी भरीला घातलं नाही. ब्रोकर बाई तर म्हणाल्या होत्या की त्यांना विचारल्याशिवाय मी कुटुंबाशी याबद्दल बोलू नये. मला ते इंग्रजी घाबरटपण वाटलं. मी कॉम्प्युटरवर एक पान टाइप केलं. अमुक दिवशी मी काकूंची पोटरी तपासली, प्रवासाबद्दल विचारलं नाही, मोजमाप घेतलं नाही, नोंद ठेवली नाही, पुढे असं असं झालं, आणि याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. खाली सहीसाठी रेघ. सगळं खरं लिहायचं, मग सही मागायची, हे मला प्रामाणिक वाटलं. चौथ्याने होकार दिला तर मिळकतीतले बरेचसे पैसे जातील, पण क्लिनिक राहील, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

रविवारी दुपारी मी पान घेऊन गेले. काकूंना पुढच्या खोलीत डुलकी लागली होती. मुलगा स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि पान पुढे केलं. त्याने हात पुसून ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. फायनान्समधली माणसं कागद कसा वाचतात ते मी तेव्हा प्रथमच जवळून पाहिलं.

"ताई, हे sign केलं तर exactly आपण काय give up करतोय?"

"काही नाही रे. तुमची तक्रार नाहीच आहे ना."

"No, no, complaint नाहीच. पण मग sign कशाला लागते?"

"माझ्या इन्शुरन्सला हवंय."

"तुमचा insurance आहे ह्याच्यासाठी?" त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. एक थकलेला मुलगा होता, दर शनिवारी गाडी हाकत येणारा, केअररची बिलं भरणारा, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की याचे पैसे कुठूनतरी मिळू शकतात. ती सांगणारी मी होते. "मला properly वाचू द्या," तो म्हणाला, "I'll get back to you." आणि पानाची घडी न घालता त्याने ते फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं.

ते परत मागायचं मला धाडस झालं नाही. मागणार तरी काय म्हणून? मी काकूंसाठी आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले.

चौथ्या कंपनीची मुदत सही न येता गेली. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी माझी जुनी पॉलिसी संपली आणि मी पाटी काढली. चार स्क्रू होते. फार्मसीच्या मालकाने मदत करू का विचारलं, मी नको म्हटलं आणि मग स्क्रू निघेना म्हणून त्यालाच बोलवावं लागलं. उरलेल्या पेशंटना मी एकेक फोन केला. एक गुजराती आजी म्हणाल्या, "मैंने कुछ गलत किया क्या?" मी त्यांना नाही म्हणाले आणि फोन ठेवून टॉयलेटमध्ये जाऊन रडले. पुढच्या महिन्यात मी एका सर्जरीत नोकरी धरली. तिथे दहा मिनिटांची अपॉइंटमेंट असते, आणि अकराव्या मिनिटाला स्क्रीन लाल होतो.

वकिलाचं पत्र फेब्रुवारीत आलं. त्यात दाव्याची सविस्तर मांडणी होती, केअररचा खर्च, घरातले बदल, आयुष्यभराची औषधं. सोबत माझं ते पान जोडलेलं होतं, सहीची रेघ कोरी असलेलं. काकूंच्या तपासणीची जगातली एकमेव नोंद तीच, आणि ती मी लिहिलेली. जुन्या कंपनीने पुन्हा कळवलं की या घटनेला संरक्षण नाही. मी ज्या वकिलाकडे गेले त्याने चष्मा काढून विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? दोघांच्या, मी म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं. आणि मला बजावलं की त्या कुटुंबाशी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही, काहीही झालं तरी. या वेळी मी ऐकायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी फोन आला. काकूंचा. मी सर्जरीच्या पार्किंगमध्ये गाडीत सँडविच खात बसले होते. डबे थांबल्याला महिने झाले होते. नाव बघूनही मी उचलला, त्यांचा फोन मी कधी टाळलेला नाही.

"अगं, आहेस कुठे तू?" त्यांनी श्वास घेतला. "किती दिवसांत आली नाहीस."

"काम असतं काकू."

"मला माहितीये का येत नाहीस ते. ते वकिलाचं पत्र आलं असेल ना तुला?" पुन्हा श्वास. "ए वेडाबाई, ते तुझ्यावर नाहीये गं. तुझ्यावर कशी करेन मी केस? मुलगा म्हणाला, इन्शुरन्सवाल्यांवर आहे. तू एवढा भरमसाट हप्ता भरतेस, तो असल्याच वेळेला ना? तुझ्या खिशातून थोडंच जाणार आहे काही. मी त्याला बजावून सांगितलंय, आपल्या पोरीला त्रास होता कामा नये." त्यांची धाप मला ऐकू येत होती, आत जाताना आणि बाहेर येताना. "बरोबर केलं ना गं मी?"

वकिलाने एक शब्दही बोलू नका म्हणून सांगितलं होतं. पण त्याने सांगितलं नसतं तरी मी काय बोलले असते, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या, आणि दावा मागे घेतला असता, आणि मग केअररचे पैसे कुठून आले असते? किंवा मागे घेतला नसता, आणि मग मला ते कळलं असतं.

"बोल ना," काकू म्हणाल्या.

"हो काकू," मी म्हणाले. "बरोबर केलंत."

"मग उद्या ये. तुझ्या हातचा मऊ भात खावासा वाटतोय."

"येते," मी म्हणाले, आणि गेले नाही.